क्वार्टर नंबर सातमधलं सातवं दार

कोसमटोल्याच्या लाकूड डेपोतले क्लार्क गुणवंतराव दुर्गे यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळं होतं, भिंत तेवढी नव्हती. म्हणजे कौलांना आधार द्यायला लागते तेवढी होती. पण माणूस खुर्चीत बसून जिच्याकडे समाधानानं पाहील अशी सलग, जिला भिंत म्हणावं अशी भिंत नव्हती. क्वार्टर नंबर सात, आणि त्याला दरवाजेही सात. त्यातले चार एकट्या बैठकीत. दहा बाय दहाच्या त्या खोलीत पूर्वेला रस्त्याचं दार, दक्षिणेला स्वयंपाकघराचं, उत्तरेला निजायच्या खोलीचं आणि पश्चिमेला, रस्त्याच्या दाराच्या अगदी समोर, धान्याच्या कोठीचं. हे क्वार्टर कोणत्या खात्यानं बांधलं ते सांगण्यात अर्थ नाही. नकाशा काढणाऱ्याला त्या दिवशी दारांची हौस आली होती, एवढं समजलं तरी पुरे.

अहेरीहून आठ मैल आत, चारी बाजूंनी जंगल असलेल्या डेपोत भिंतीवाचून कुणाचं काय अडतं? गुणवंतरावांचंही पाच वर्षं काही अडलं नाही. अडलं ते चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात. शेजारच्या क्वार्टरमधले हेडक्लार्क वामनराव चहाला बसले होते. तेवढ्यात इंदुताई, म्हणजे गुणवंतरावांची बायको, कोठीच्या दारातून सुपात तांदूळ घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. निजायच्या खोलीतून मुलगी करुणा आली आणि रस्त्याकडे गेली. वामनरावांनी चार वेळा पाय आखडले, बशीतला चहा सांडला आणि म्हणाले, "गुणवंतभाऊ, तुमच्या बैठकीत बसलो का मले बसस्टँडावर बसल्यावानी वाटते. कोनती गाडी कोठून येईन, काई भरोसा नाई."

सगळे हसले. गुणवंतरावही हसले, पण ते वरवरचं. आतून त्यांना ते फार लागलं. सरकारी माणसाला एक वेळ अकार्यक्षम म्हणा, तो मनावर घेणार नाही. पण त्याच्या बैठकीला बसस्टँड म्हणायचं नाही.

पुढच्याच महिन्यात ते दाढ दाखवायला चंद्रपूरला गेले. दवाखान्यात एक गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक पडलं होतं. त्यात एका साहेबी घराचा फोटो होता. भिंतभर वेलबुट्टीचा कागद, समोर एक मांजर, आणि खाली लिहिलेलं की या भिंतीत एक दार आहे. गुणवंतराव ते दार शोधत राहिले. कंपाउंडरनं दोनदा नाव पुकारलं, ते कानांवर आलं नाही. शेवटी वेलीच्या एका वळणाशी त्यांना ते सापडलं, तेव्हा दवाखाना बंद झाला होता. दाढ तशीच घेऊन ते परत आले, आणि ठणकत्या गालानंच घोषणा केली, "कोठीचं दार कागदाखाली घ्याचं. भिंतीत गडप करून टाकाचं."

"दार होय का आजार होय, लपवाले?" इंदुताई म्हणाल्या. पण कोठीला स्वयंपाकघरातूनही एक दार होतं, त्यामुळे त्यांचं फारसं अडणार नव्हतं, आणि त्यांनी विषय सोडून दिला. ही आपली चूक झाली असं त्या पुढं दोन वर्षं मनाशी म्हणत असत.

नागपूरच्या दुकानदाराला पत्र गेलं. पत्र लिहिण्यात गुणवंतरावांचा हात कुणी धरत नसे. 'फुलाफुलांचा, शांत रंगाचा कागद पाठवावा. आमच्या परिसराला साजेसा असावा,' असं त्यांनी लिहिलं. दुकानदारानं पत्ता वाचला, परिसर लक्षात घेतला, आणि एसटीच्या टपावरून जे भेंडोळं आलं ते उलगडल्यावर त्यातून जंगल निघालं. उंच, सरळ, पांढुरक्या बुंध्यांची विलायती झाडं आणि त्यांच्यामधून दर दोन हातांवर एक शिंगाळं हरीण, मान वळवून पाहणारं. ज्याच्या खिडकीतून खरं जंगल दिसतं, ज्याच्या टेबलावर दिवसभर जंगलाचेच कागद असतात, त्याच्या बैठकीत आता विलायती जंगल लागणार होतं. डेपोचा गार्ड कोलू कागदाशी वाकून बुंधे निरखू लागला. चाळीस वर्षं त्याची जंगलात गेली होती. "साहेब," तो शेवटी म्हणाला, "हे कोनतं झाड होय?"

"विलायती."

"कोनत्या कामाले येते?"

गुणवंतरावांनी भेंडोळं गुंडाळलं. परत पाठवायचं म्हटलं तर पुन्हा महिना गेला असता. शिवाय त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली की या उभ्या बुंध्यांच्या रेषेत दाराची उभी फट बेमालूम बसेल. फुलांत ती दिसली असती. दुकानदाराच्या मूर्खपणात त्यांना एकदम दूरदृष्टी दिसू लागली.

मग सल्ले सुरू झाले. डेपोच्या वसाहतीत बावीस क्वार्टरं, आणि कागद चिकटवलेला कुणीच नव्हता, त्यामुळे सगळ्यांना माहिती होती. कुणी म्हणालं डिंक वापरा. वामनराव म्हणाले मेथीदाणे वाटून घाला, त्यांच्या आत्याच्या घरी पोथीला तसंच करत. वामनरावांच्या बायकोनं, आशाबाईनं, मात्र एकच गोष्ट सांगितली आणि ती मुद्द्याची होती. "भाऊजी, कनकेची खळ करता तं तिच्यात मोरचूद टाका. नाई तं वाळवी लागन. इथली वाळवी लय वंगाळ."

गुणवंतराव यावर जे हसले ते हसू इंदुताईंच्या चांगलं ध्यानात राहिलं. "आशाबाई, दार सागवानी हाय. सरकारी रजिस्टरात लिहून हाय. सागाले वाळवी लागत नाई. मी दिवसभर सागवानातच बसतो, मले सागवान शिकवू नका." त्यांनी बोटाच्या पेरानं दारावर टकटक केलं, कान लावला आणि जाणकारानं मान हलवावी तशी मान हलवली. मोरचूद राहिलं.

एका रविवारी काम काढलं. हे दार बैठकीच्या अंगानं भिंतीच्या पातळीतच बसलेलं होतं, ही जमेची बाजू. कडी काढून टेबलाच्या खणात ठेवली. फळ्यांमधले खळगे पुठ्ठ्यानं भरले. इंदुताईंच्या डब्यातली चार दिवसांची कणीक पातेल्यात शिजली. अंगणात कागदाच्या पट्ट्या पसरून गुणवंतराव खळ लावत होते, आणि वाळायला ठेवलेली तिसरी पट्टी आशाबाईंची शेळी खात होती. विलायती झाडाचा उपयोग काय, या कोलूच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा तिला सापडलं. हाकलेपर्यंत तिनं एका हरणाचं तोंड आणि अर्धी मान संपवली होती. करुणानं उरलेल्या तुकड्यातून ठिगळ कापून जोडलं, पण घाईत ठिगळ मागच्या बाजूचं निघालं. त्यामुळे दाराच्या उजव्या कडेला, कमरेच्या उंचीवर, एक हरीण दोन्हीकडून शेपटीचंच झालं. कोलूनं ते पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, असं जनावर आपल्या जंगलात नाई."

पण काम फत्ते झालं होतं. दार दिसत नव्हतं! खरंच दिसत नव्हतं. गुणवंतरावांनी एका बुंध्याच्या कडेनं ब्लेडनं चीर दिली, दार एकदा उघडून पाहिलं, एकदा मिटलं, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्या वसाहतीला चहाला बोलावलं. त्यानंतर त्यांच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागे. पोस्टमन आला तरी, "बसा, आन सांगा बरं, या भिंतीत काय हाय?" पोस्टमन म्हणे, हरीण. "आनखी?" झाड. "आनखी?" मग पोस्टमनची सायकल पडे किंवा त्याला कुठेतरी जायचं आठवे. वामनरावांना तर ती भिंत इतकी आवडली की ते आले की तिच्याशीच पाठ टेकून बसत. बसस्टँडाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात दार फुगलं आणि उघडेनासं झालं. गुणवंतराव म्हणाले, ठीकच आहे, भिंतीनं उघडायचं कशाला? कोठीच्या बाजूनं इंदुताईंनी माहेरून, गोंडपिपरीहून, आलेली धानाची पोती दाराला लावून थेट वरपर्यंत रचली, खाली निंबाचा पाला घालून. दुपारी सामसूम असली की भिंतीतून कधीकधी बारीक करकर ऐकू येई. "कागद बसून राह्यला," गुणवंतराव सांगत. दुसरा पावसाळा तोंडावर आला, तरी कागद बसतच होता.

शहाऐंशीच्या जूनमध्ये दोन चांगल्या गोष्टी एकदम घडल्या. करुणा दहावीला बासष्ट नाही, सत्तर नाही, ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाली. आणि सात वर्षं अर्ज करून करून गुणवंतरावांचा हात दुखून आल्यावर त्यांची बदली चंद्रपूरला झाली. घरात आनंदीआनंद झाला. करुणाला डॉक्टर व्हायचं होतं. तिला अकरावीला चंद्रपूरच्या कॉलेजात घालायचं, पण नातेवाइकांच्या ओसरीवर ठेवायची नाही, आपल्या जवळ ठेवून शिकवायची, हा इंदुताईंचा हट्ट होता आणि त्या हट्टापायीच त्यांनी जंगलातली ही वर्षं मुकाट्यानं काढली होती. हुकमात अट एकच. तीस जूनपर्यंत इथून मोकळं व्हायचं, नाही तर बदली रद्द. मागं दुसरा माणूस उभाच होता. आणि मोकळं व्हायचं तर क्वार्टर सुस्थितीत सोडल्याचा दाखला हवा.

दाखला द्यायला श्रीहरी ओव्हरसियर आला. वाळकासा, अबोल माणूस. हातात लाल कापडात बांधलेलं रजिस्टर, कानावर पेन्सिल. त्यानं प्रत्येक वस्तूला पेन्सिल लावून मोजलं. खिडक्या चार, बरोबर. मोरी एक, बरोबर. दरवाजे... त्यानं एकदा मोजले, पुन्हा मोजले, घराला बाहेरून चक्कर मारून आला.

"एक दार कमी हाय."

गुणवंतरावांचा चेहरा उजळला. इतका मोठा, सरकारी, पेन्सिलवाला माणूस फसला होता! "नाई दिसलं ना?"

"म्हनजे दार नाई हे तुमाले ठाऊक हाय?"

"दार हाय! हे पाहा, या झाडापासून त्या हरनापरेंत दार होय."

श्रीहरीनं झाडाकडे पाहिलं, दोन शेपट्यांच्या हरणाकडे पाहिलं आणि मग गुणवंतरावांकडे. "दुर्गेसाहेब, झाडापासून हरनापरेंत असं मले लिवता येत नाई. रजिस्टरात 'दरवाजा, सागवानी, राखाडी ऑइलपेंट, कडीसह' असं हाय. यात कडी कुठी हाय?"

गुणवंतरावांनी लगबगीनं टेबलाच्या खणातून कडी काढून दिली. श्रीहरीनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि रजिस्टरात लिहिलं, 'कडी आढळली. दरवाजा आढळला नाही.'

"उघडून दाखवा," जाता जाता तो म्हणाला. पण उघडायचं तर कडी नव्हती, धरायला काही नव्हतं, दार फुगलेलं, आणि मागून सतरा पोती. पोती हलवायचं नाव काढताच इंदुताईंनी जी नजर टाकली तिच्यापुढे ओव्हरसियरही दारातून मागं सरला. श्रीहरी तीस तारखेला येतो म्हणून गेला.

आता गुणवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं तर कागद फाडायचा, दार दाखवायचं, एवढंच काम. पण ज्या भिंतीसाठी माणसानं दाढ तशीच ठेवली ती स्वतःच्या हातानं फाडायची? वामनरावांनी मार्ग काढला. "फाडता कायले? दाराची भिंत केली म्हनून मंजुरी मांगा. मागच्या तारखेनं." गुणवंतरावांनी तीन पानी अर्ज केला. त्याचं उत्तर चक्क तिसऱ्या दिवशी आलं, यावरूनच ते चांगलं नसणार हे ओळखायला हवं होतं. 'दरवाजाचे भिंतीत रूपांतर करण्याची तरतूद नियमांत नाही. भिंत हवी असल्यास स्वतंत्र अर्ज करावा. तत्पूर्वी दरवाजा जमा करावा.'

तीस जूनची सकाळ उजाडली. सामान बांधून झालं होतं, कोलू पोती उचलायला आला होता, ट्रक दुपारी यायचा होता. करुणा ट्रंकेवर बसली होती, मांडीवर गुणपत्रिकेची फाइल. ती फाइलचा बंद बांधत होती आणि सोडत होती. इंदुताई म्हणाल्या, "अजी, सात वर्सं मी या जंगलात काढली. कदी काई म्हनलं नाई. आता पोरीचं कॉलेज तुमच्या त्या कागदापायी अडकन का?"

गुणवंतरावांना फार वाईट वाटलं. अर्ज फेटाळला गेल्याचं वाईट वाटणं वेगळं, हे वेगळं होतं. ती फाइल मांडीवर घेतलेली पोरगी पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी आणली, भिंतीला एकदा हात लावला, आणि वामनराव, श्रीहरी, कोलू यांच्यासमोर बुंध्याच्या कडेच्या चिरेत सुरी घालून दार उघडायला जोर लावला.

सुरी आत गेली. मागोमाग मूठ गेली. मग मनगट, मग कोपरापर्यंत हात. काहीही आडवं आलं नाही. हाताला जे लागलं ते गोंडपिपरीचं धानाचं पोतं होतं.

त्या भगदाडातून भुरभुर माती गळत राहिली. गुणवंतरावांनी हात बाहेर काढला तेव्हा त्यावर पाच-पंचवीस पांढऱ्या वाळव्या इकडेतिकडे धावत होत्या. झाडं होती, हरणं होती, कागद होता, दार नव्हतं. आतल्या अंगाला रंगाचा पापुद्रा तेवढा पोत्यांच्या आधारानं उभा होता. निंबाच्या पाल्यामुळे पोती शाबूत होती. वामनरावांना आपण दोन वर्षं कशाला टेकून बसत होतो ते कळलं आणि ते हळूच दोन पावलं पुढं सरकले.

श्रीहरीनं कानावरची पेन्सिल काढली. "आता मंग गहाळच लिवतो. दाखला नाई भेटत."

करुणाच्या हातातला फाइलचा बंद तुटला. आणि इंदुताईंचा संयमही. त्या ओव्हरसियरकडे वळल्याच नाहीत, नवऱ्याकडेच वळल्या. दीड-दोन वर्षं साठवलेलं एका दमात बाहेर आलं. "सागाले वाळवी लागत नाई म्हनत होते ना? दिवसभर सागवानात बसतो म्हनत होते ना? मंग हे काय होय जी? हे काय खाल्लं त्यायनं?"

गुणवंतरावांना भुईत गडप व्हावंसं वाटलं. पण ते उत्तर देणार तोच त्यांच्या लक्षात आलं की आपल्याहून जास्त घाम श्रीहरीला फुटला आहे. त्याची पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि पुढं सरकत नव्हती.

कोलू वाकला. चौकटीपाशी उरलेली एक ढलपी त्यानं उचलली, बोटांत चुरली, हुंगली. "साहेब, हे साग नोहे. सावर होय. आगपेटीच्या काड्या करतेत याच्या."

आता कोसमटोल्यात शेंबडं पोरही सांगेल की पक्क्या सागाला वाळवी तोंड लावत नाही आणि सावरीला सोडत नाही. वाळवीनं खाल्लं, म्हणजे ते साग नव्हतं. ते साग नव्हतं, तर रजिस्टरात सागवानी कुणी लिहिलं? अक्षर तर श्रीहरीचंच होतं. आणि बावीस क्वार्टरांची दारं एकाच ठेकेदारानं एकाच वर्षी बसवलेली. दर क्वार्टरला सात. श्रीहरीचे ओठ हलत होते. एकशे चोपन्नपर्यंत तो पोचला असावा, कारण त्यानं मागं वळून ज्या दारातून आला होता त्या दाराला बोटानं टकटक केलं, आणि आवाज ऐकून पटकन हात मागं घेतला.

"दुर्गेसाहेब," गुणवंतराव खाकरून म्हणाले. म्हणजे म्हणणार होते 'ओव्हरसियरसाहेब', पण गोंधळात तोंडून स्वतःचंच आडनाव गेलं. "म्हनजे, श्रीहरीभाऊ... लिवा ना. 'वाळवीनं खाल्ल्यामुळे सागवानी दरवाजा आढळला नाही.' मी सही करतो."

श्रीहरीनं रजिस्टर मिटलं. इकडेतिकडे पाहिलं. आणि अगदी हलक्या, घरगुती आवाजात म्हणाला, "गुणवंतभाऊ, घरी थोडी खळ असन का?"

इंदुताईंनी बांधलेल्या सामानातून पातेलं सोडलं. शेजारून आशाबाईनं कणीक आणली. श्रीहरीनं स्वतः बाह्या सरसावल्या, भगदाडावर आतून पुठ्ठा दिला आणि झाडाचा बुंधा बुंध्याला असा जुळवला की गुणवंतरावांनाही मनातून दाद द्यावी लागली. "खळीत या खेपेले मोरचूद टाकाचं काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आता कायले?" इंदुताई म्हणाल्या. "खाले राह्यलंच काय?"

दाखला मिळाला. 'दरवाजे सात, सागवानी, सुस्थितीत.' क्वार्टर नंबर सात पुढं वामनरावांनीच मागून घेतलं, भिंतीच्या प्रेमानं. पाठ मात्र ते दुसऱ्या भिंतीला टेकू लागले. करुणाला कॉलेजात प्रवेश मिळाला, पहिल्या यादीत. तो कागद हातात घेऊन गुणवंतराव कॉलेजच्या आवारात उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि हे दाढेमुळे आहे असं त्यांनी सांगितलं. दाढ अजून तशीच होती.

चंद्रपूरच्या नव्या क्वार्टरचं कुलूप त्यांनी उघडलं. बैठकीत दारं तीनच होती. मायलेकी सामान घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, पण गुणवंतराव त्यांना आत येऊ देईनात. ते एकेका दारापाशी गेले, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला. खूप वेळ लावला.

"काय म्हनते?" इंदुताईंनी विचारलं.

"सागवानी हाय," गुणवंतराव म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "रजिस्टरापरमानं."